हवा कोण सोडतंय?

कुणी फुकटात चहा पाजला, तर जीनत आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची आणि मग कपाकडं. स्वभावच तसा. साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसायची, आणि तिथं या स्वभावाचाच पगार मिळायचा. जोड पक्का असला की त्यावर पिवळ्या मार्करनं बारीक रेघ ओढायची, नसला की बाजूच्या लाल पेटीत टाकायचा. घरी मात्र त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. “तुला भाजीवाल्याच्या तराजूतबी चोर दिसतोय,” असं तिचा नवरा मुजीब म्हणायचा.

“असतोयच,” जीनत म्हणायची.

अशा बाईनं आपण होऊन दुसऱ्याच्या भानगडीत पडावं, याचं खुद्द तिलाच नंतर नवल वाटलं. पण अंजनाची गोष्टच तशी होती.

अंजना जत तालुक्यातली, पार कर्नाटकच्या कडेला असलेल्या गावातली. माहेरी मेंढरं. लग्न होऊन साताऱ्यात आली, नवरा बिराप्पा महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा आणि हंगाम असला की पंधरा-पंधरा दिवस खाली उतरायचा नाही. गोडोलीत भाड्याच्या एका खोलीत ही आणि सासू भामाबाई, दोघीच. कारखान्यात अंजना जीनतच्या शेजारच्या टेबलावर वायरींना टेप गुंडाळायची. हात झपाझप चालायचे, तोंडातून शब्द निघायचा नाही.

मग कारखान्यानं बायकांना नेणारी-आणणारी गाडी बंद केली. गोडोलीच्या बायका ज्योतिबाच्या शेअर रिक्षात बसू लागल्या. ज्योतिबा रिक्षा गच्च भरल्याशिवाय हलवायचा नाही. अंजनाला रोज उशीर. सुपरवायझरनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर बोलला. अंजना टेप गुंडाळत राहिली, पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

“सायकलनं का येत न्हाईस?” जीनतनं विचारलं. ती स्वतः सदर बझारातून सायकलनंच यायची.

“येत न्हाई अक्का मला.”

“एवढी घोडी झालीस आन सायकल येत न्हाई?”

“आमच्याकडं कोण शिकवणार? मेंढरांच्या मागं चालायचं, एवढंच येतंय.”

जीनतचं माहेर सांगलीचं. सांगली म्हणजे तळहातासारखं सपाट गाव. तिथं पोरगी चालायला लागली की दोन-चार वर्षांत सायकलवर बसतेच. शिवाय तिचे अब्बा चांदसाहेब सायकलवालेच होते, आता त्यांचं दुकान भाऊ नईम बघायचा. जीनतनं त्याला फोन केला. आठवड्याभरात नईमनं एक जुनी लेडीज सायकल नवे ब्रेक, नवे टायर घालून, पुढं जाळीची बास्केट बसवून साताऱ्याला येणाऱ्या टेम्पोत टाकून दिली. “पैसे सावकाश दे म्हणावं,” एवढाच निरोप.

रविवारी शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. जीनतनं सीट इतकी खाली केली की अंजनाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. “पायडल मारायचंच न्हाई. पायानं ढकल नुसतं, आन तोल सांभाळ. ओढणीला गाठ मार, न्हाईतर चाकात जाईल. आन चाकाकडं बघू नको गं, पुढं बघ! जिकडं बघशील तिकडं जाती सायकल.”

अंजना पडली, उठली, पुन्हा पडली. कोपर सोलवटलं. पण मेंढरांमागं माळ तुडवलेल्या पायांत जोर होता. दुसऱ्या रविवारी पायडलवर पाय ठेवून तिनं मैदानाला अख्खी फेरी मारली आणि जीनतच्या अंगावरच येऊन थांबली.

मैदानाच्या कडेला दगडावर भामाबाई बसलेली होती. गुडघे दुखत असतानाही दोन्ही रविवारी आली होती. ती सुनेकडं कमी आणि जीनतकडं जास्त बघत होती. शेवटी तिनं विचारलंच. “तुमी तिला शिकवताय, सायकल देताय. आवं, तुमाला ह्यात काय मिळतंय?”

दुसरी एखादी रागावली असती. जीनतला बरं वाटलं. भामाबाईच्या जागी ती असती, तर तिनंही हेच विचारलं असतं.

“काय मिळत न्हाई मावशी. शेजारच्या टेबलावर नवीन बाई आली, तर तिला पुन्हा शिकवत बसावं लागंल मला.”

“हां,” भामाबाई म्हणाली. तिचं समाधान झाल्यासारखं काही दिसलं नाही.

पहिला आठवडा दोघी सकाळी बरोबर गेल्या. गोडोलीच्या कोपऱ्यावर जीनत थांबायची. हायवेच्या पुलाखाली उतरायचं, ट्रकचा अंदाज घ्यायचा, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, पलीकडं गेल्यावर पुन्हा चढायचं, असं तिनं अंजनाला पढवलं. जाताना उतार असल्यानं पायडल मारावंच लागायचं नाही. येताना चढ. पण संध्याकाळी अंजना एकटीच निघायची, कारण तपासणीच्या टेबलाला दिवसाचा माल मोजून, कुलूप लावून निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास जास्त लागायचा.

अंजना वेळेवर येऊ लागली. भोंग्याच्या आधी टेबलावर हजर. सुपरवायझरच्या तोंडाला जणू टेप लागली. जीनत मनातून खूश होती.

तेवढ्यात भाजीच्या बाजारात भामाबाई भेटली.

“कसली वो सायकल दिलीत तुमी?” तिनं मेथीची जुडी परत टोपलीत टाकत विचारलं. “रोज संध्याकाळी ढकलत आणती. मी स्वतः दाबून बघते दारात. टायर पार बसल्याला असतोय. पोरगी तासभर चालून येती.”

अंजना तिला एका शब्दानं बोलली नव्हती. नईमनं पाठवलेली सायकल आणि रोज बसते? चांदसाहेबांच्या दुकानातून गेलेली सायकल अशी रस्त्यात रुसल्याचं त्यांनी ऐकलं असतं, तर ते जेवले नसते.

दुसऱ्या दिवशी तिनं अंजनाला धारेवर धरलं. “मला का सांगितलं न्हाईस?”

अंजना खाली बघत टेप गुंडाळत राहिली. “तुमी एवढं केलं, आन परत तक्रार कशी करायची? सकाळी मी पंप मारते की. चालतंय.”

“चालतंय कसं? मागचं चाक का पुढचं?”

“मागचं.”

जीनत त्याच रविवारी गोडोलीत गेली. भामाबाईकडून घमेलं मागून घेतलं, ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्यात बुडवली आणि बोटाबोटानं फिरवली. एक बुडबुडा आला नाही. व्हॉल्व्ह बुडवला. तिथंही नाही. तरी तिनं नईमकडून नवी ट्यूब मागवली आणि पुढच्या रविवारी घातली. सोमवारी संध्याकाळी भामाबाईचा फोन आला, “आजबी बसल्याली हाय.”

त्या रात्री जेवताना जीनतचं लक्ष ताटात नव्हतं. नव्या ट्यूबमधून हवा जात नाही, कुणीतरी ती सोडतं. आणि सकाळी घरून निघताना चाक टणक असतं, कारखान्यात येताना टणक असतं, बसतं ते फक्त संध्याकाळी. म्हणजे सोडणारा माणूस गोडोलीत नाही, कारखान्यात आहे.

“सोड की,” मुजीब म्हणाला. “पोरगी तक्रार करंना, तुलाच का कळ?”

“माझ्या अब्बाच्या दुकानाची सायकल हाय ती.”

पहिला संशय ज्योतिबा रिक्षावाल्यावर गेला. त्याची एक सीट गेली होती. त्याची रिक्षा गेटसमोर उभी असायची आणि पाणी प्यायच्या निमित्तानं तो दिवसातून दोनदा तरी आत यायचा. पाण्याची टाकी सायकलस्टँडला लागूनच होती. जीनतनं त्याला आडून विचारलं, “काय ज्योतिबा, गोडोलीच्या सीटा कमी झाल्या म्हणं?”

ज्योतिबा हसला. “कमी? ताई, लोंबकळत जात्यात माणसं. तुमच्या त्या जतच्या बाईला सांगा, परत यायचं म्हणली तर जागा मिळायची न्हाई.”

हसणाऱ्या माणसावर तर जीनतचा मुळीच विश्वास बसत नसे. तिनं पुरावा काढायचा ठरवला. सकाळी स्टँडवर कुणी नसताना तिनं खिशातला पिवळा मार्कर काढला आणि अंजनाच्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर, टोपणापासून खालच्या नळीपर्यंत, एक सरळ रेघ ओढली. टोपण कुणी फिरवलं तर रेघ तुटणार. दुपारच्या सुटीत बघितलं तर रेघ सरळ होती. संध्याकाळी शेवटचा माल मोजून ती धावत गेली, पण अंजना निघून गेली होती. सकाळी पंप मारायच्या आत बघायला हवं, म्हणून त्याच रात्री ती गोडोलीत गेली आणि दारातल्या सायकलवर वाकून बघितलं. टोपणावरची रेघ एकीकडं आणि नळीवरची दुसरीकडं.

आणि त्या दिवशी ज्योतिबा आलाच नव्हता. रिक्षाच्या पासिंगसाठी दिवसभर आरटीओत होता. जीनतनं चौकशी करून खात्री करून घेतली.

मग उरला कोण? स्टँडच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून दिवसभर कोण बसतं? नाथाजी.

नाथाजी कारखान्याचा वॉचमन, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. साताऱ्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात, तसं त्यालाही सगळे मेजरच म्हणायचे. कडक माणूस. बायकांच्या पिशव्या तपासताना हसायचा नाही. सायकली वाकड्या लावलेल्या त्याला खपायच्या नाहीत, आणि अंजना नवशिकी असल्यानं तिची सायकल कायम वाकडी असायची. एकदोनदा तो तिच्यावर ओरडलाही होता. जीनतला सगळं जुळल्यासारखं वाटलं. जुळलं की तिला दम धरवायचा नाही.

दुपारच्या सुटीत, दहा-बारा बायका डबे घेऊन पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असताना, ती नाथाजीसमोर जाऊन उभी राहिली.

“मेजर, अंजनाच्या सायकलची हवा कोण सोडतंय?”

नाथाजीनं वर बघितलं. “मला काय विचारताय?”

“स्टँडवर तुमीच बसता. दुसरं कोण फिरकत न्हाई. पोरगी सायकल वाकडी लावती म्हणून असली शिक्षा? तासभर चालत जाती ती घरी!”

कुणीतरी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज झाला. नाथाजीचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. तो उठला, खुर्ची घडी केली, ती बगलेत मारली.

“मी हवा सोडतो?”

“मग कोण?”

त्यानं बायकांच्या घोळक्याकडं एकदा नजर टाकली. घोळक्याच्या मागं अंजना उभी होती. हातात डबा, नजर जमिनीवर. मग नाथाजी जीनतच्या जवळ येऊन, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “आज सुटीच्या भोंग्याआधी माझ्या केबिनमध्ये येऊन उभ्या रावा. मी कुणाचं नाव घेणार न्हाई. तुमच्या डोळ्यांनी बगा.”

जीनतनं टेबल थोडं आधी दुसऱ्या बाईच्या ताब्यात दिलं आणि केबिनच्या खिडकीआड उभी राहिली. नाथाजी तिच्याकडं पाठ करून गेटवर उभा होता. भोंगा झाला. बायका बाहेर पडल्या, सायकली निघाल्या, गाड्या निघाल्या, ज्योतिबाची रिक्षा भरली. अंजना सगळ्यांत मागं राहिली. तिनं बास्केटमध्ये पिशवी ठेवली. इकडंतिकडं बघितलं. मग चाकापाशी बसली, टोपण फिरवून काढलं आणि अंगठ्याच्या नखानं व्हॉल्व्ह दाबून धरला.

फुस्स्स. तेवढा आवाज खिडकीपर्यंत आला.

अंजनानं टायर चिमटीत दाबून बघितला, टोपण परत लावलं आणि सायकल ढकलत गेटबाहेर पडली.

जीनतला आधी काही कळेचना. मग रागानं तिची कानशिलं तापली. पण रागाच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. बाई स्वतःच्या सायकलची हवा सोडते, ती उशीर व्हावा म्हणून. उशीर व्हावा म्हणजे वाटेत कुठंतरी थांबायचं असतं. आणि नवरा महाबळेश्वरला.

“तुमाला म्हाईत हुतं?” तिनं नाथाजीला विचारलं.

“पंधरा दिवस बघतोय.”

“मग बोलला का न्हाई?”

“सायकल तिची, हवा तिची. मी कोण बोलणार?” त्यानं गेटची साखळी उचलली. “तुमाला जायचं असंल तर जावा. मला गेट लावायचंय.”

जीनत निघाली. सायकलवर न बसता, लांबून, अंजनाच्या मागोमाग. असं दुसऱ्याच्या पाठीमागं जाणं तिला आवडलं नाही, पण पाय थांबले नाहीत. अंजना रस्त्याच्या कडेनं सावकाश चालली होती. फोन बास्केटमध्ये, पिशवीवर ठेवलेला. ती वाकून त्याच्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता हसत होती. शेजारच्या टेबलावर वर्षभर बसूनही हे हसू जीनतनं कधी बघितलं नव्हतं. मान मागं टाकून, मोकळं. अशी हसते म्हणजे गडीच असणार, जीनतनं मनाशी धरलं. तिला वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, आपण बरोबर निघालो याचं थोडं बरंही वाटलं.

पुलाच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून अंजना एका कच्च्या वाटेनं आत वळली. तिथं रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून करंजाखाली सिमेंटचा बाक होता. तिनं सायकल झाडाला टेकवली आणि बाकावर बसून पाय वर घेतले. जीनत कुंपणाच्या कडेनं पुढं सरकली. बाकावर दुसरं कुणी नव्हतं. कुणी यायचंही लक्षण नव्हतं.

फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडून बाईचा आवाज येत होता, म्हातारा, चिरका, घाईघाईनं बोलणारा. भाषा कानडी. “ऊटा आयता, अव्वा?” अंजना विचारत होती. जीनतला त्यातलं फक्त “अव्वा”, म्हणजे आई, एवढंच कळलं. म्हातारीच्या बोलण्यामागं एकसारखा कालवा चालू होता. जीनतनं कान दिला. मेंढरं. संध्याकाळी वाड्यात कोंडताना मेंढरं ओरडतात तसा तो आवाज होता.

तिच्या पायाखाली वाळकी फांदी मोडली. अंजनानं वळून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू एका क्षणात उतरलं. ती फोनवर काहीतरी तोडकं बोलली आणि बंद केला.

“अक्का, तुमी मागनं आला?”

“आले. आन दुपारी मी मेजरला दहा जणींसमोर चोर ठरवलं, तवा तू मागंच उभी हुतीस. बोलली का न्हाईस?”

अंजनानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग हळूहळू एकेक सांगू लागली.

रिक्षा होती तेव्हा सकाळी उशीर व्हायचा, तो जाच होता. पण संध्याकाळी रिक्षा भरेपर्यंत ती मागच्या सीटवर बसून रोज आईशी बोलायची. घरी बोलता यायचं नाही. भामाबाई, जिला ती आत्या म्हणायची, माण तालुक्यातली, तिला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. सून फोनवर कानडी बोलू लागली की तिला वाटायचं, आपल्याच चहाड्या चालल्यात. मग ती भांडी आदळायची. “काय गुलुगुलु लावलंय, माणसाच्या भाषेत बोल की,” म्हणायची. अंजनाच्या आईला तर धड मराठी येत नव्हतं. वडील गेल्यापासून म्हातारी एकटीच होती.

“सायकल आली आन मी लवकर घरी जायला लागले. आत्या घड्याळ बघत्यात. येवढ्या वेळात का आली न्हाईस, म्हणून विचारत्यात. मग एक दिवस खरंच हवा गेली. ढकलत गेले. आईशी बोलत बोलत. घरी आत्यांनी टायर दाबून बघितला आन काय बोलल्या न्हाईत.” ती थांबली. “मग दुसऱ्या दिवशी मीच सोडली.”

“मला सांगायचं हुतंस.”

“तुमाला सांगितलं असतं, तर तुमी आत्यांकडं जाऊन भांडला असता.”

ते खरंच होतं.

“आत्यांना सांगू नका अक्का,” अंजना म्हणाली. “शपथ हाय तुमाला.”

“न्हाई सांगत. पण आता चल, पंप हाय माझ्याकडं. अंधार पडायच्या आत घरी जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीनत सगळ्यांच्या आधी गेटवर गेली. नाथाजी झाडलोट करून घेत होता.

“मेजर, माझं चुकलं. दहा जणींसमोर बोलले, दहा जणींसमोर माफी मागते.”

“नको.” त्यानं तिची पिशवी उघडून बघितली आणि परत दिली. “परत तोच तमाशा कशाला? जावा, भोंगा व्हईल.”

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. पुढचे बरेच दिवस बघितलं नाही. पिशवी तपासायची, परत द्यायची, बास. अंजनाशी मात्र तो पहिल्यासारखाच बोलायचा, म्हणजे सायकल वाकडी लावल्याबद्दल ओरडायचा. जीनतला ते टोचायचं, पण हे सोसायलाच हवं हे तिलाही कळत होतं.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण त्या रविवारी दुपारी सदर बझारात तिच्या दारात रिक्षा थांबली आणि गुडघे धरत भामाबाई उतरली. एकटीच. पाणी दिलं तर घेतलं नाही.

“एक विचारायला आले. खरं सांगा. तुमी ट्यूब नवी घातली, तरी हवा जाती. म्हंजी हवा जात न्हाई, कुणीतरी सोडतंय.” तिनं जीनतच्या डोळ्यात डोळे घातले. “कोण हाय तो?”

“कोण म्हंजी?”

“आवं, मी म्हातारी झाले, खुळी न्हाई. माझा लेक वर महाबळेश्वरला. ही रोज उशिरा येती आन गालातल्या गालात हसत येती. मी लेकाला आज फोन करणार हाय. त्याच्या आधी म्हणलं, तुमाला विचारावं. तुमी शिकवलं तिला, तुमाला ठावं असणार.”

जीनतच्या जिभेवर शपथ बसली होती. नाही म्हणावं तर म्हातारी बिराप्पाला फोन करणार आणि काय वाट्टेल ते सांगणार. खरं सांगावं तर अंजना आयुष्यभर तोंड बघणार नाही. तिनं मुजीबकडं बघितलं. तो उठून बाहेर गेला. त्याचा उपयोग नव्हता.

“मावशी,” ती शेवटी म्हणाली, “मलाबी तसंच वाटलं हुतं. मी तिच्या मागनं गेले.”

भामाबाई एकदम पुढं सरकली. “मग?”

“गडी न्हाई कुणी. बाकावर एकटी बसून ती आईशी बोलत हुती. मला कानडी कळत न्हाई. पण म्हातारीचा आवाज हुता, आन मागं मेंढरं वरडत हुती.”

“मेंढरं?”

“व्हय. वाड्यात घालताना वरडत्यात तशी.”

भामाबाई मागं टेकली. तिच्या तोंडावरचा ताठा एकदम उतरला नाही. आधी तिनं आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, फिरवून फिरवून. मग घरी का बोलत नाही, हेही तिनंच विचारलं. जीनतनं तेही सांगितलं. भांडी आदळायचंही सांगितलं.

“मला काय कळतंय ती काय बोलती,” भामाबाई म्हणाली. “खोलीत आमी दोघी. ती दिसभर कामाला. सांच्याला आली की फोन कानाला आन गुलुगुलु सुरू. हसती बी. माझ्याशी कवा हसून बोलली? मला वाटणार न्हाई व्हय, मलाच हसती म्हणून?”

जीनतनं पाण्याचा तांब्या पुन्हा पुढं केला. या वेळी भामाबाईनं घेतला.

“किती असतील मेंढरं तिच्या आईकडं?” तिनं अचानक विचारलं.

“मला कसं कळणार? पण लय असावीत. कालवा मोठा हुता.”

“आमची हुती माणात. बिराप्पानं टॅक्सी घेतली तवा सगळी विकली. साताऱ्याला आले तवापास्नं मेंढरू वरडल्यालं कानावर पडलं न्हाई माझ्या.” ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. “लेकाला फोन करत न्हाई. पण तिला सांगा, मला फसवलेलं खपत न्हाई.”

“तुमीच सांगा की.”

भामाबाईनं तिच्याकडं रागानं बघितलं आणि रिक्षात चढली.

सोमवारी अंजना टेबलावर आली ती दगडासारखी. डब्याच्या सुटीत दुसरीकडं जाऊन बसली. आठवडा तसाच गेला. पुढच्या बुधवारी दुपारी ती आपण होऊन शेजारी येऊन बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “शपथ घातली हुती अक्का.”

“घातली हुतीस. पण ती बिराप्पाला भलतंच सांगणार हुती.”

“म्हाईत हाय. आत्यांनी सांगितलं.” तिनं पुन्हा तुकडा मोडला. “त्या रविवारी सांच्याला लय बोलल्या. मीबी बोलले. पहिल्यांदाच बोलले. दोघी रडलो. मग मंगळवारी म्हणाल्या, लाव फोन, बघू. लावला. आईला म्हणल्या, विहीणबाई, मेंढरं कशी हायत? आईला कळंना. मी सांगितलं. मग आईनं फोन वाड्यात नेला.” अंजनाला हसू आवरेना. “किती वेळ ऐकत बसल्या. त्यातलं एक खोकतंय म्हणाल्या. औषध बी सांगितलं.”

“मग आता घरीच बोलतीस?”

“एखाद्या दिवशी. पण आत्या मधी मधी विचारत्यात, काय म्हणाली, काय म्हणाली. ऐकलेलं सगळं सांगावं लागतं.” तिनं पाण्याचा घोट घेतला. “म्हणून मी सांगितलं त्यास्नी, मला वाटेत थोडा वेळ लागंल. त्या म्हणल्या, किती? मी म्हणलं, लागंल तेवढा. चिडल्या. पण टायर दाबत न्हाईत आता.”

आता अंजना चढावरही उतरत नाही. पुलाखाली मात्र अजून शिकवल्याप्रमाणं सायकल हातात धरूनच रस्ता ओलांडते. नईमचे पैसे तिनं फेडले, आणि त्याच्या दुकानातून पुढचा दिवाही मागवून घेतला. नाथाजीनं दसऱ्याला सगळ्या बायकांना सोनं वाटलं, तेव्हा आपट्याचं पान जीनतच्याही हातावर ठेवलं.

संध्याकाळी कुलूप लावून जीनत घरी निघते तेव्हा कधी कधी कच्च्या वाटेच्या तोंडाशी तिला करंजाला टेकवलेली सायकल दिसते, चाकं टणक, आणि झाडामागून अंजनाचं हसू ऐकू येतं. काय सांगत असेल एवढं? आपलंच तर काही सांगत नसेल? जीनतचा पाय पायडलवर अडखळतो. मग ती घंटी वाजवते, आपण जातोय हे कळावं म्हणून, आणि चढाला लागते.